शेजाऱ्यांना खिडक्या नसतात

मॉडेल करणाऱ्यांचा एक नियम असतो. जी इमारत नवी उभी राहायची, तिचं सगळं करायचं: खिडक्या, कठडे, जिन्याची पायरी न् पायरी, दारात मुंगीएवढी दोन माणसंसुद्धा. आजूबाजूच्या जुन्या घरांचे मात्र नुसते पांढऱ्या पुठ्ठ्याचे पोकळ ठोकळे. त्यांना दार नाही, खिडकी नाही, रंग नाही. बघणाऱ्याची नजर नव्या इमारतीवरून हलू नये म्हणून हे असं. फोटोत मागे उभ्या राहणाऱ्यांनी हात हलवू नयेत म्हणतात ना, तसंच.

चिमटाताई हा नियम बावीस वर्षं पाळत आली होती. तिचं खरं नाव ऑफिसात पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवायचं. अंबाड्यात कायम एक बारीक चिमटा खोचलेला, म्हणून चिमटाताई. एकदा तोच चिमटा शोधत तिने अर्धं ऑफिस उपसलं होतं आणि शेवटी शिपायाने तिच्या डोक्याकडे बोट दाखवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्या ऑफिसात तेव्हापासून कुणी पूर्ण बोलत नाही, नुसतं डोक्याला हात लावतात.

इतक्या वर्षांत तिने शेकडो गल्ल्या पांढऱ्या करून टाकल्या होत्या. त्यात राहतं कोण, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. पडायचं कारणही नव्हतं, ठोकळ्यात कोण राहणार? मग एके दिवशी छोट्या सरांनी तिच्या टेबलावर एक नकाशा पसरला आणि त्यात तिची स्वतःचीच गल्ली निघाली.

छोटे सर म्हणजे ऑफिसचे आर्किटेक्ट. मोठे सर त्यांचे वडील, ते केव्हाच घरी बसले. छोट्या सरांचे कल्ले पांढरे झाले तरी ते छोटेच राहिले. माणूस मितभाषी आणि हट्टी. कागदावर एक रेघ जास्त झाली तर त्यांना रात्री झोप येत नसावी असं चिमटाताईचं मत होतं. गल्लीच्या तोंडाशी बाटल्यांचा एक कारखाना होता, वर्षानुवर्षं बंद पडलेला. त्या जागेवर आता मोठ्या रस्त्याच्या बाजूला दोन मजली वाचनालय आणि त्याला लागून गल्लीच्या बाजूला अकरा मजल्यांची राहती इमारत व्हायची होती.

चिमटाताईला ती इमारत आवडली. खोटं कशाला बोला, ती प्रेमातच पडली. सडपातळ, सरळ, अंगावर एकही दागिना नाही. खिडक्या हातभर आत ओढलेल्या. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असताना आत तिरीप शिरणार नाही आणि हिवाळ्यात तो खाली उतरला की ऊन पार पलंगाच्या पायाशी येऊन बसेल. छोट्या सरांनी हे तिला पेन्सिलीने काढून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "सर, इथे राहणाऱ्यांची चैन आहे." सर हसले. ते वर्षातून दोनदा हसत, त्यातलं हे एक.

अकरा दिवस ती त्या मॉडेलला चिकटून होती. मजले सुटे केले, मधल्या दांडीत ओवून एकावर एक बसवले, म्हणजे हवा तो मजला उचलून आतल्या खोल्या दाखवता येतात. शेवटच्या दोन दिवसांत शेजारची घरं उरकली. घरांची उंची नकाशावरून घ्यायची, कापायचं, चिकटवायचं, की झालं. हात आपोआप चालत होते आणि तिचं अर्धं लक्ष वाचनालयाच्या जिन्यात होतं.

बाराव्या दिवशी सूर्य लावला.

त्यांच्या ऑफिसात सूर्य म्हणजे वाकवलेल्या लोखंडी नळीवर बसवलेला एक दिवा. नळीवर महिने आणि तास पांढऱ्या रंगाने आखलेले. दिवा सरकवला की मॉडेलवर सावल्या फिरतात. नियम असा की राहत्या खोलीच्या खिडकीला ऐन हिवाळ्यातही दिवसाला दोन तास ऊन मिळालं पाहिजे. गल्लीतल्या खिडक्यांना सकाळचं ऊन होतं, त्यामुळे तिथे काही अडचण नव्हती. गच्चीच्या बाबतीत मात्र नियम मूग गिळून बसलेला.

छोट्या सरांनी दिवा हिवाळ्यात नेला, दुपारच्या अडीचवर आणला आणि थांबले.

"हे काय आहे?"

एका ठोकळ्याच्या माथ्यावर एक छोटा ठोकळा होता. खोडरबराच्या तुकड्याएवढा.

"आप्पांची खोली," चिमटाताई म्हणाली, आणि मग तिने जीभ चावली.

जिभेला हाड नसतं हे खरं, पण हाताला तरी असायला हवं होतं. सगळ्या गल्लीची उंची तिने नकाशावरून घेतली. स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा नकाशाकडे पाहिलंच नाही. आपल्या घराला कुणी मोजतं का? तीन मजले आणि वर आप्पांची खोली. एकोणीस वर्षं ती खोली तिथे होती, म्हणून तिने ती लावली. नकाशात ती नव्हती, कारण आप्पांनी, तिच्या वडिलांनी, ती कुणालाही न विचारता बांधली होती.

"नकाशात नाही," सर म्हणाले.

"नाही."

दोघेही सावलीकडे पाहत राहिले. अकराव्या मजल्याची सावली अडीच वाजता गल्लीतल्या गच्च्यांवर चढली होती आणि त्या छोट्या ठोकळ्याला तिने पुरतं गिळलं होतं. दिवा मावळेपर्यंत ती तिथून हलली नाही.

"काढून टाक," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, हेच जास्त अवघड होतं. "नकाशात नसलेल्या खोलीला नियम लागत नाही. आणि परवा सुनावणीला नगररचनेचे अधिकारी येणार आहेत. त्यांना ती दिसली तर त्रास मला नाही, तुलाच होईल."

बरोबरच होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खोली ठेवली तर अधिकारी ती पाडायला लावणार; काढली तर आप्पांचं ऊन जाणार, आणि तेही लेकीने स्वतःच्या हाताने केलेल्या, स्वतःला आवडलेल्या इमारतीमुळे. त्या दिवशी चिमटाताई जरा लवकर घरी निघाली.

घरात दोघंच, ती आणि आप्पा. आई जाऊन सहा वर्षं झाली. आप्पा पाट्या रंगवायचे, दुकानांच्या. घरात रंगाचा वास भरला की आईचं डोकं चढायचं, म्हणून त्यांनी गच्चीवर ही खोली ठोकली. छप्पर पत्र्याचं आणि भिंती जुन्या पाट्यांच्या. दुकानं बंद पडत, नवी येत, आणि उतरवलेल्या पाट्या आप्पा उचलून आणत. त्यांनीच रंगवलेल्या असायच्या, टाकवत नव्हत्या. अक्षरांची बाजू आतून लावली होती. त्यामुळे खोलीत बसलं की एका भिंतीवर 'घड्याळे दुरुस्त करून मिळतील', दुसरीवर 'छत्र्या', आणि दाराच्या आतल्या बाजूला 'दुकान आज बंद आहे'. बाहेर जाताना ही पाटी वाचून आप्पा रोज म्हणत, "बरं झालं सांगितलंस."

आई गेल्यावर रंगकाम जवळपास सुटलं, पण आप्पा तिथेच रमले. दुपारी अडीचला ऊन खिडकीतून 'छत्र्या'वर पडायचं आणि संध्याकाळपर्यंत सरकत घड्याळांवर जायचं. आप्पांची खुर्चीही त्याच्याबरोबर सरकायची. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी गोळ्या दिल्या होत्या. आप्पांच्या मते गुण उन्हाचा होता आणि गोळ्या उगाच भाव खात होत्या.

चिमटाताई वर आली तेव्हा खुर्ची घड्याळांपाशी पोचली होती.

"आज लवकर? काढलं की काय कामावरून?"

"अजून नाही," ती म्हणाली आणि खाली स्टुलावर बसली. मग तिने सगळं सांगितलं. खोली कशी लावली, सरांनी कशी पाहिली, सावली कुठे पडली. सांगताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली की नजर वर उचलेना.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी कुणाला न विचारता बांधली, आणि तू मला न विचारता लावलीस. फिट्टंफाट."

"आप्पा, थट्टा नका करू."

"बरं, नाही करत. इमारत कशी आहे?"

"सुंदर आहे," ती म्हणाली. मग तिला रडूच आलं. "खरंच खूप सुंदर आहे हो."

"मग रडतेस कशाला? कुरूप असती आणि ऊन खाल्लं असतं तर रडायचं." आप्पांनी खुर्ची वीतभर सरकवली. "पाटी कुठे लागणार वाचनालयाची? दारावर की बाजूला?"

"दारावर. आप्पा, मी खोली काढून टाकते. निदान ती तरी राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"हो हो, काढ," आप्पा म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही. "तो सूर्य तुम्ही सुनावणीला पण नेता?"

"नेतो. कुणी विचारलं तर दाखवायला."

"विचारतं कुणी?"

"आजवर तरी नाही."

"असं," आप्पा म्हणाले, आणि गुडघे चोळू लागले.

दुसऱ्या दिवशी तिने पातं घालून छोटा ठोकळा उचकटला. खालचा पुठ्ठा फाटला, म्हणून घराचा माथा नवा करावा लागला. माथा नवाकोरा, सपाट, नकाशाबरहुकूम झाला. छोटा ठोकळा फेकायला ती कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेली आणि तो पात्यांच्या डबीत टाकून परत आली. ती डबी सदैव तिच्या पर्समध्ये असे.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. गल्लीतली तीस-चाळीस माणसं आली. छोट्या सरांनी वाचनालयाबद्दल सांगितलं, मुलांसाठी अभ्यासाची जागा, म्हाताऱ्यांसाठी वर्तमानपत्रं. लोकांनी माना डोलावल्या. आणि का डोलावू नयेत? बाटल्यांच्या कारखान्यात आजवर उंदरांचीच सोय होती. मग सगळे मॉडेलभोवती जमले. आणि जे नेहमी होतं तेच झालं: नवी इमारत कुणीच बघेना. जो तो आपलं घर शोधत होता.

"हे माझं," कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला. "नाही, हे. अरे, सगळी सारखीच दिसतायत की!"

तेवढ्यात गर्दीतून आप्पा पुढे आले. येणार म्हणून सांगितलं नव्हतं. चष्मा कपाळावरून खाली ओढून ते मॉडेलवर वाकले, बोटाने गल्ली मोजत गेले आणि चौथ्या ठोकळ्यापाशी थांबले.

"माझी खोली कुठंय?" त्यांनी विचारलं. आयुष्यभर रस्त्यावर शिडीवरून बोललेला माणूस, आवाज हॉलभर गेला.

चिमटाताईच्या तोंडचं पाणी पळालं. नगररचनेचे अधिकारी वळले. "कसली खोली?"

"गच्चीवरची. पत्र्याची आहे. एकोणीस वर्षं झाली."

अधिकाऱ्यांनी नकाशा उघडला, बोट फिरवलं. "यात अशी खोली नाही."

"नसणारच. विचारलं कुठं होतं कुणाला? अनधिकृत आहे." आप्पा जणू घराचा पत्ता सांगत होते. मग लेकीकडे वळून म्हणाले, "तुझ्याकडे असेल ना? लाव बघू."

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. तिने सरांकडे पाहिलं. सर तिच्याकडे पाहत होते, आणि त्यांनी मान हो अशीही हलवली नाही आणि नाही अशीही. चिमटाताईने डबी उघडली, अंबाड्यातला चिमटा काढला, आणि तो ठोकळा त्याच्या जागी ठेवला. ठोकळा सरळ बसला.

"ही पाडावी लागेल, आजोबा," अधिकारी म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्याच्या कामात दुसरं वाक्य नव्हतं.

"पाडतो ना. माझा मीच पाडतो, तुमची माणसं कशाला. पण आधी जरा तो सूर्य लावा. हिवाळा, दुपारचे अडीच."

दिवा लावायला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं. विचारलं तर दाखवायचा, असं ऑफिसचंच धोरण होतं. छोटे सर स्वतः उठले. पडदे ओढले, दिवा अडीचवर आणला. सावली गल्लीवर चढली. आप्पांची खोली बुडाली, आणि तिच्या शेजारी शिंप्याची गच्ची, तिच्याशेजारची, आणि पलीकडची.

सगळे आणखी जवळ सरकले. मग शिंपी म्हणाला, "अरे, ही तर माझी पण गच्ची. माझी आई दुपारी तिथेच बसते." कुणी म्हणालं, आमचे कपडे वाळतात. कुणी म्हणालं, आमचं बाळ उन्हात झोपतं. इतका वेळ जे ठोकळे सारखे दिसत होते ते एकेकाला ओळखू यायला लागले.

"गच्चीला उन्हाचा नियम नाही," अधिकारी जरा अवघडून म्हणाले.

"तेच म्हणतो मी," आप्पा म्हणाले. "माझी खोली नकाशात नाही, आणि ऊनही नकाशात नाही. खोली घ्या. चूक माझी आहे. ऊन मात्र मी चोरून आणलेलं नाही."

छोटे सर पुढे झाले. त्यांनी मॉडेलवर वाकून वरचे चार मजले दोन्ही हातांनी दांडीतून उचलले. सावली झटक्यात मागे सरली. गच्च्या उजळल्या, तो खोडरबराएवढा तुकडासुद्धा. हातात चार मजले घेऊन सर बराच वेळ तसेच उभे राहिले, ओझं कुठे टेकवावं ते न सुचणाऱ्या माणसासारखे. मग त्यांनी ते रस्त्याच्या बाजूला, वाचनालयाच्या माथ्यावर ठेवले आणि सावली रस्त्यावर पडली.

चिमटाताईने चिमटा अंबाड्यात परत खोचला. तिची ती सडपातळ, सरळ इमारत गेली होती. तिच्या जागी एक बुटकी आणि एक तिच्याहून थोडी बुटकी अशा दोघी एकमेकींना टेकून उभ्या होत्या.

"बघतो," सर अधिकाऱ्यांना म्हणाले. "महिनाभर द्या."

महिन्याचे चार झाले. सरांनी किती कागद फाडले ते शिपायाला माहीत. पण शेवटी जे उतरलं ते चिमटाताईला मान्य करावंच लागलं: पहिल्यापेक्षा कमी सुंदर नव्हतं, वेगळं सुंदर होतं. पहिली इमारत एकटी उभी होती, ही गल्लीत उभी होती.

आप्पांनी मात्र चार महिने वाट पाहिली नाही. दिला शब्द, म्हणून पंधरा दिवसांत खोली उतरवली. एकेक स्क्रू स्वतः काढला. शिंपी मदतीला आला, त्याने पत्रे नेले. पाट्या आप्पांनी खाली पलंगाखाली रचल्या. 'दुकान आज बंद आहे' ही शेवटची निघाली. ती हातात धरून आप्पा रिकाम्या गच्चीवर उभे राहिले आणि या वेळी ते काहीच बोलले नाहीत. चिमटाताईचा जीव तुटला. ते वाकडंतिकडं लाकूड म्हणजे आईच्या डोकेदुखीपासून सुरू झालेली एकोणीस वर्षं होती, आणि ती उतरवायला दोन दुपारी पुरल्या.

आता आप्पा रोज अडीचला जिना चढतात आणि उघड्या गच्चीवर खुर्ची टाकतात. ऊन पूर्वीपेक्षा जास्त आहे, ते सरळ अंगावर येतं. वारा सुटला की मात्र खाली यावं लागतं. "भिंती बऱ्या होत्या," ते एकदाच म्हणाले.

इमारत दोन वर्षांनी पुरी झाली. नवी इमारत बसवून दिलेलं तेच मॉडेल वाचनालयाच्या दाराशी काचेच्या पेटीत ठेवलं गेलं. शेजारची घरं जुनीच राहिली, तशीच पांढरी. चौथ्या घरावर तो छोटा ठोकळा होता. चिमटाताईने या वेळी तो पक्का चिकटवला होता. उद्घाटनाला आलेल्या अधिकाऱ्यांनी तो पाहिला, चष्मा पुसला, आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे निघून गेले.

आप्पा पेटीसमोर बराच वेळ वाकून उभे होते.

"इथे तरी राहिली," ते म्हणाले. "पण आत अंधार असेल गं. खिडकी कुठंय?"

"शेजाऱ्यांना खिडक्या नसतात, आप्पा. नियम आहे."

"असं होय," आप्पा म्हणाले, आणि पाटी बघायला दाराकडे गेले. पाटी त्यांना आवडली नाही, अक्षरं फार सुटी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमटाताईने ऑफिसातून सुट्टी काढली. ग्रंथपाल बाईंकडून पेटीची किल्ली घेतली, काच सरकवली, अंबाड्यातला चिमटा काढला आणि कटरला नवं पातं लावलं. छोट्या ठोकळ्यात अडीच वाजताच्या बाजूला तिने तांदळाएवढी खिडकी कापली. फुंकर मारून कचरा उडवला. वाचनालयाच्या मोठ्या खिडकीतून ऊन पेटीवर येत होतं, त्यातलं थोडंसं आत गेलं.

काच लावायला तिने हात उचलला आणि तिची नजर शेजारच्या ठोकळ्यावर गेली. शिंप्याचं घर. पुढून तीन खिडक्या, मागून एक, आणि जिन्यात एक फुटकी. सगळ्या तिला पाठ होत्या. तिने खुर्ची ओढून घेतली.

"किती वेळ लागेल हो?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं. "सहाला बंद करते मी."

"अख्खी गल्ली आहे," चिमटाताई म्हणाली. "उद्या परत येईन."